कोंबडीच्या घासाचे सोवळे

कोंबडीच्या खाद्यावरची प्रक्रिया म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड चोचीपर्यंत पोचण्याआधी त्यांचे जे वाळवणे, चाळणे, भरडणे, वाफवणे आणि आंबट करणे चालते, ते सगळे. तिचे हेतू दोन. खाद्यात बुरशी, बुरशीचे विष आणि रोगजंतू शिरू नयेत हा पहिला. दिलेल्या प्रत्येक किलोचे जास्तीत जास्त मांस व्हावे हा दुसरा. पहिल्याला जुनी माणसे सोवळे म्हणत आणि दुसऱ्याला व्यवहार. या दोघांचे एका घरात सहसा पटत नाही. पोल्ट्रीत मात्र ते एकाच पत्र्याखाली गुण्यागोविंदाने नांदतात.

गावरान कोंबडीला यातले काही लागू होत नाही. उकिरडा हीच तिची खाद्याची गिरणी, आणि तिथे मालक, कामगार आणि गिऱ्हाईक ती एकटीच. सकाळी डालग्याखालून सुटायचे, दिवसभर उकरायचे, किडा, दाणा, भाताचे शीत आणि शेजारणीच्या वाळवणातली ज्वारी असा चौरस आहार घ्यायचा आणि दिवेलागणीला परतायचे. तिच्या खाद्याचा खर्च शून्य, शेजारणीचा खर्च धरला नाही तर. वाढही त्याच मानाने. किलो-सव्वा किलो भरायला ती पाच-सहा महिने घेते, आणि तिला कोणी घाईही करत नाही.

फार्मवरच्या कोंबडीला ही चैन नाही. हिला इंग्रजीत ब्रॉयलर म्हणतात आणि मराठीत बॉयलर. मधला 'र' मराठी जिभेने केव्हा गिळला हे सांगता येत नाही, पण जीभ फारशी चुकली नव्हती हे पुढे दिसेल. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन किलोच्या वर जाते, म्हणजे जन्माच्या वजनाच्या पन्नासपट. माणसाच्या बाळाने हा वेग धरला असता तर सव्वा महिना पुरा करून माहेराहून निघालेल्या बाळंतिणीच्या मागोमाग दीडशे किलोचे बाळ घराबाहेर पडले असते, आणि त्याला मांडीवर घेण्यासाठी आत्यांमध्ये भांडणे झाली नसती.

एवढे वजन करण्यासाठी एक कोंबडी साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खाते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला एका लॉटमध्ये साडेसतरा टन, म्हणजे पन्नास किलोच्या साडेतीनशे गोण्या लागतात. उत्पादनावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले साठ ते सत्तर खाद्यातच जातात. आधी पोटोबा मग विठोबा हा क्रम इथेही खरा. फक्त विठोबाची पाळी यायच्या आत लॉट संपतो.

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने वीसेक किलोमीटरवर, बाणगंगेच्या काठी, निफाड तालुक्यात ओझर आहे. १९६४ पासून इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. मिग इथे जुळले, मग सुखोई. लोक अजूनही गावाला ओझर मिग म्हणतात. कारखान्याच्या पलीकडे द्राक्षबागा, बागांच्या आडोशाला पोल्ट्रीची शेडे. उडण्याच्या शास्त्रात गावाचा हात धरणारे कमी, आणि त्याच गावात पंख असून न उडणारा प्राणी हजारोंनी पोसला जातो. ओझरच्या विमानतळावरून शेळ्यामेंढ्यासुद्धा विमानात बसून आखातात गेल्या. कोंबडी मात्र प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बसून टेम्पोनेच जाते.

या दोन धंद्यांचा आणखी एक दुवा आहे. विमानाच्या इंधनात पाणी राहिले तर ते टाकीच्या तळाशी साचते, आणि इंधन व पाणी जिथे भेटतात तिथे केरोसीनवर जगणारी एक बुरशी धरते. म्हणून उड्डाणाआधी टाकीचा तळ तपासून पाणी काढून टाकायचा नियम आहे. मक्याचे शास्त्र याहून वेगळे नाही. ओल गेली की निम्मे काम झाले. ओल राहिली की पुढचे सगळे उपाय मलमपट्टीचे.

खाद्यात सुमारे साठ टक्के मका असतो. तो येवला, चांदवड, मालेगाव, लासलगाव या बाजूंनी येतो. मका ताकद देतो आणि सोयाबीनची तेल काढलेली पेंड प्रथिने देते. या पेंडीला धंद्यात सगळे जण डीओसी म्हणतात, आणि डीओसीचा भाव हा पोल्ट्रीवाल्यांच्या गप्पांचा गणपती असतो. त्याला वंदन झाल्याशिवाय दुसरा विषय निघत नाही. २०२१ साली हा भाव असा चढला की केंद्र सरकारला बारा लाख टन पेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली. सोयाबीन कच्चे घालून चालत नाही. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारा एक घटक असतो आणि तो उष्णतेनेच जातो. भाजणे कमी पडले तर तो टिकतो, जास्त झाले तर प्रथिने करपतात. भाजणीच्या चकलीवर हात बसलेल्या घरांत हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मक्याला अलीकडे दुसरे गिऱ्हाईक मिळाले आहे. पेट्रोलमध्ये घालायचे इथेनॉल मक्यापासूनही होते, त्यामुळे कोंबडीच्या तोंडचा घास मोटारीच्या तोंडी जाऊ लागला. मोटार फक्त पिठूळ भाग पिते आणि चोथा परत पाठवते. हा चोथा डीडीजीएस या नावाने पुन्हा खाद्यात येतो. त्यात प्रथिने चांगली असतात. पण मूळ मक्यात बुरशीचे विष असेल तर तेही जवळजवळ तिप्पट घट्ट होऊन येते. उसनी नेलेली वस्तू परत येताना कधी धड येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दूषित होण्याचे मूळ शेतातच असते. खरिपाचा मका काढणीला येतो आणि परतीचा पाऊसही नेमका तेव्हाच येतो. कणसात वीस-पंचवीस टक्के ओल असते. साठवायचा मका चौदा टक्क्यांच्या आत हवा, आणि तयार खाद्यात तर भारतीय मानकानुसार अकरा टक्क्यांच्या वर ओल चालत नाही. मधली ही दहा-बारा टक्के ओल काढण्यासाठी महाराष्ट्रातले सर्वात मोठे खळे वापरले जाते. त्याला काही लोक डांबरी रस्ता म्हणतात. अर्ध्या रस्त्यावर मका पसरतो, कडेने दगड लागतात, आणि वाहनवाला ज्या भक्तिभावाने त्याला वळसा घालतो तो त्याने खड्ड्यालाही कधी दाखवलेला नसतो.

हे वाळवण अपुरे राहिले की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष कळले ते पक्ष्यांमुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण सापडेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असे नाव ठेवले गेले. कारण सापडले नाही की शास्त्रज्ञ एक्स म्हणतात, गावात करणी म्हणतात. शेवटी दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत, आणि बुरशीच्या नावातले 'अ' आणि 'फ्ला' घेऊन विषाचे बारसे झाले.

विष मोठ्या प्रमाणात गेले तर पक्षी मरतो आणि निदान प्रश्न तरी मिटतो. थोड्या प्रमाणात गेले तर तो मरत नाही, आणि खरी पंचाईत इथेच आहे. यकृत फिकट पिवळे पडते, मोठे होते. अंगातली प्रतिकारशक्ती खचते. राणीखेत आणि गंबोरोच्या लशी वेळेवर देऊनही लागू पडत नाहीत. राणीखेत हे हिमालयातले थंड हवेचे ठिकाण आणि गंबोरो हे अमेरिकेतले एक गाव. कोंबडीच्या वाट्याला पर्यटन आले ते असे. पक्षी खातो, पितो, फिरतो आणि वाढत नाही. असा एक तरी सभासद पोसलेल्या एकत्र कुटुंबाला या लक्षणांची ओळख करून द्यावी लागत नाही.

भारतीय मानकात कोंबडीच्या खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा वीस पीपीबी आहे. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. वीस पीपीबी म्हणजे एका टनात वीस मिलिग्रॅम. पाच हजार पक्ष्यांच्या साडेतीनशे गोण्यांमध्ये मिळून साडेतीनशे मिलिग्रॅम विष खपवून घेतले जाते. तापाच्या एका साध्या गोळीत याहून जास्त औषध असते. इतर ठिकाणी हे समजावताना डोक्यावरून जाते. ओझरला जात नाही. २०१० साली युरोपने द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराईड या रसायनाचा अंश सापडला म्हणून माल अडवला, तेव्हापासून या भागातल्या बांधावर पाऊसपाण्याच्या जोडीने रेसिड्यूच्याही गप्पा होतात. ज्या गावच्या चुलत्यांनी द्राक्षासाठी दशांश चिन्हाच्या उजवीकडचे आकडे पाठ केले, त्यांना कोंबडीचे वीस पीपीबी म्हणजे बाराखडी.

ओल तपासण्याच्या रीती तीन. पहिली दाताची: दाणा दाढेखाली धरून चावायचा. 'कट्' असा आवाज आला तर वाळलेला, दबला तर ओला. दुसरी हाताची: गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, आत ऊब लागली तर समजायचे की मका आतल्या आत तापतो आहे. तिसरी मीटरची. व्यापाऱ्याचा मीटर आणि शेतकऱ्याची दाढ यांचे आकडे कधी जुळत नाहीत, आणि भाव ठरतो तो मीटरवर. विषाची तपासणी प्रयोगशाळेत किंवा तयार पट्टीवर होते. पण पट्टी नमुन्याचेच खरे सांगते, आणि बुरशी गोणीगोणीत सारखी वाटून बसत नाही. एका कोपऱ्यात गोळा होऊन बसते. नव्व्याण्णव गोण्या निर्मळ आणि शंभरावीत सगळा कारभार, असे होते. म्हणून नमुना अनेक गोण्यांतून, वरून, मधून आणि तळातून घ्यावा लागतो. व्याही बघायला गेल्यावर फक्त दिवाणखाना बघून परतायचे नसते, तसेच.

यानंतर उपचार. पहिला चाळणीचा. फुटका, किडका आणि हलका दाणा विषाचे मोठे घर असतो. तो आणि धूळ काढली की विषाचा बराच वाटा त्याबरोबर जातो. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, म्हणून तो सांगताना तज्ज्ञांचा आवाज खाली येतो.

दुसरा उपचार बुरशी रोखणाऱ्या आम्लांचा. प्रोपियॉनिक आम्ल किंवा त्याचे क्षार खाद्यात मिसळतात. बेकरीतल्या पावाला बुरशी येऊ नये म्हणून हेच क्षार घालतात, तेव्हा कोंबडी आणि पावभाजी यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. पण हे आम्ल नव्या बुरशीला अडवते. आधी तयार झालेल्या विषाला ते काही करत नाही. राखणदार चोर घरातून गेल्यावर ठेवला, तर तो पुढच्या चोरापुरता.

तयार विषासाठी तिसरा उपचार आहे, मातीचा. बेंटोनाईटसारखी बारीक चिकणमाती खाद्यात मिसळली की आतड्यात अफ्लाटॉक्सिन तिच्या थरांना चिकटते आणि विष्ठेवाटे बाहेर पडते. धंद्यात हिला टॉक्सिन बाइंडर म्हणतात. माती खाल्ली म्हणून यशोदेने कृष्णाला दटावले होते. पोल्ट्रीवाला ती पैसे मोजून आणतो आणि मापाने खाऊ घालतो. मातीची मर्यादा अशी की अफ्लाटॉक्सिनला ती घट्ट धरते, बुरशीच्या इतर विषांना तितकी धरत नाही. त्यासाठी यीस्टच्या पेशींची टरफले आणि आणखी काही जोडीला देतात.

चौथा उपचार उष्णतेचा, आणि इथे मराठी जीभ खरी ठरते. खाद्याच्या गिरणीत बॉयलर असतो. भरडलेल्या मिश्रणावर त्याची वाफ सोडून ते ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापवतात, मग जाळीदार साच्यातून दाबून त्याच्या गोळ्या पाडतात, त्यांना पेलेट म्हणतात. शेवयांच्या सोऱ्याचेच हे थोरले भावंड. उंदीर, चिमण्या आणि धुळीबरोबर आलेल्या साल्मोनेलासारख्या जंतूंचा या वाफेत निकाल लागतो. अशा रीतीने बॉयलरचे खाद्य बॉयलरला जाते आणि शब्दाचा प्रवास पुरा होतो. पुढची मेख गोळ्या थंड करण्याच्या यंत्रात आहे. तिथे गार हवा लागते. हवेबरोबर धूळ येते, भिंतीला घाम सुटतो, आणि वाफेने मारलेले जंतू मागच्या दाराने पुन्हा आत येतात. आंघोळ करून सोवळे नेसावे आणि देवघराच्या उंबऱ्यावर मांजराने पायात यावे, तशी गत. म्हणून चांगल्या गिरणीत कच्च्या मालाच्या भागातून तयार मालाच्या भागात माणसालाही तसाच येऊ देत नाहीत.

वाफ जंतू मारते, बुरशीही मारते. बुरशीने केलेले विष मात्र जात नाही. अफ्लाटॉक्सिन मोडायला दोनशे अंशांपलीकडची उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत खाद्याची राखुंडी होईल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण बहुधा मका साठवणाऱ्यानेच काढली असावी.

पाचवा उपचार आंबटाचा. फॉर्मिक आणि ब्युटिरिक आम्लांचे क्षार खाद्यातून, आणि सौम्य आम्ले पाण्यातून देतात. पोटातली आंबटाई वाढली की अपायकारक जंतूंना तिथे बस्तान बसवणे जड जाते. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगी चावल्यावर झोंबणारा पदार्थ. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराला पोसते आणि वासाने खवट लोण्यालाही मागे टाकते. ते हाताळून एसटीत चढलेल्या कामगाराला खिडकीची जागा मागावी लागत नाही, शेजारचीही मिळते. जंतू मारण्यासाठी काही देशांत फॉर्माल्डिहाइडही खाद्यात वापरत; युरोपीय संघाने २०१८ साली त्याला परवानगी नाकारली, कारण ते हाताळणाऱ्या माणसांनाच धोका होता. कोंबडीचे सोवळे राखताना सोवळेकरी आडवा पडू नये, एवढीच अपेक्षा.

सहावा उपचार किरणांचा. निफाड तालुक्यातच लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. तिथे कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कांद्याचे मोड थांबवता येतात, आणि २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबाही तिथून किरण खाऊन पुढे गेला. अशाच किरणांनी जंतुरहित केलेले खाद्य प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देतात. साध्या कोंबडीला ते परवडत नाही. ओझरहून लासलगावला गोण्या नेऊन, किरण देऊन, परत आणायचे म्हटले तर जंतूंच्या आधी नफा मरतो.

हे सगळे केल्यावर खाद्य शेडवर येते आणि कोठीत पडते, आणि इथे शास्त्र संपून घर सुरू होते. गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवाव्यात, भिंतीपासून हातभर लांब ठेवाव्यात, आधी आलेली आधी संपवावी, असे प्रत्येक पत्रकात छापलेले असते. प्रत्यक्षात खालची गोणी खालीच राहते, कारण वरची हाताशी असते. पाहुणा आला की गोणी हा सोफा होतो, दुपारी पलंग, आणि उन्हाळी सुट्टीत मुलांचा किल्ला. उंदराला पत्रक वाचता येत नाही, पण तो नियमांच्या अभावाचा पुरेपूर फायदा घेतो. श्रावणात माणसे कोंबडी सोडतात आणि नेमकी त्याच दमट हवेत बुरशी मका धरते; एकाचे व्रत ते दुसऱ्याचे पारणे.

शेडच्या दाराशी सोवळे पुन्हा कडक होते. उंबऱ्यात चुना किंवा जंतुनाशकाचे पाणी, बाहेरच्या चपला बाहेर, आतल्या वेगळ्या. देवळातही चप्पल बदलून मिळत नाही, इथे मिळते. पाहुण्याला आत सोडायचे नाही हा नियम २००६ च्या फेब्रुवारीनंतर अधिक पाळला जाऊ लागला. त्या महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो पक्षी मारावे लागले. तेव्हापासून जावईसुद्धा जाळीबाहेरून कोंबड्या बघतो. जावयाला काही म्हणायची सोय नव्हती ती रोगाने करून दिली.

दूषितपणा आवरला की वाढीचा विचार. वाढीची पहिली युक्ती आकाराची आहे. नुसता भरडा समोर ठेवला तर कोंबडी त्यातले मक्याचे मोठे कण वेचते आणि पीठ मागे ठेवते. ताटातली बटाट्याची फोड आधी आणि कोथिंबीर कडेला, हा स्वभाव फक्त मुलांचा नाही. पिठातच जीवनसत्त्वे आणि खनिजे असतात. गोळी केली की निवड संपते. प्रत्येक घासात सगळे येते, सांडलवंड कमी होते आणि खाण्यात वेळही कमी जातो. पिल्लांना याच गोळीचा चुरा देतात, त्याला क्रंबल म्हणतात. चवीची चिंता फारशी नसते. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या हजारोंनी असतात, कोंबडीच्या तोंडात काही शे. त्यामुळे 'आज मीठ कमी झालंय' हे वाक्य पोल्ट्रीत ऐकू येत नाही.

दुसरी युक्ती विकरांची, म्हणजे एन्झाइमची. मक्या-सोयाबीनमधल्या फॉस्फरसचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेट नावाच्या कुलपात बंद असतो आणि कोंबडीकडे त्याची पुरेशी किल्ली नसते. फायटेज हे विकर ती किल्ली पुरवते. पूर्वी हा फॉस्फरस तसाच विष्ठेत जाई आणि वर पुन्हा फॉस्फेट विकत आणून खाऊ घालावे लागे. तिजोरी घरात असूनही किल्लीअभावी सावकाराकडे जाण्याचा हा प्रकार फायटेजने थांबवला. लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लेही वरून मोजून घालतात, कारण मका आणि पेंड दोघांनी मिळूनही ती पुरी पडत नाहीत.

तिसरी युक्ती प्रतिजैविकांची होती. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत १९५० च्या सुमारास स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे शास्त्रज्ञ बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोधात पिल्लांना ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा खाऊ घालत होते. पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. बी-१२ चे श्रेय ठरले होते, पण चोथ्यातल्या प्रतिजैविकाचे कर्तृत्व निघाले. पुढची कित्येक दशके जगभर निरोगी कोंबड्यांना चिमूटभर प्रतिजैविक रोज मिळत राहिले. रोजच्या या चिमटीने जंतू मात्र निर्ढावले, आणि माणसाची औषधे माणसावर चालेनाशी होण्याची भीती उभी राहिली. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके बंद केली. भारताने २०१९ च्या जुलैत अन्नासाठीच्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनवर बंदी घातली, कारण माणसाच्या अतिदक्षता विभागात ते शेवटचे हत्यार असते. शेवटचे हत्यार कोंबडीला रोजच्या न्याहारीत देऊन संपवणे, हा व्यवहारही सोवळ्याइतकाच विचित्र होता.

रिकाम्या जागी मित्रजंतू आले. बॅसिलस सबटिलिससारख्यांचे बीजाणू गिरणीची वाफ सहन करतात आणि आतड्यात जाऊन जागा अडवतात. जागा भरली की वाईट जंतूंना उभे राहायलाच मिळत नाही. गर्दीच्या लोकलमधून प्रवास केलेल्या कोणालाही हे तत्त्व सहज पटते. त्यांच्या जोडीला हळद, लसूण, ओवा, आले असा आजीबाईचा बटवाही खाद्यात येतो. रश्श्यात पडणारे जिन्नस कोंबडीच्या पोटात आधीच जाऊ लागले आहेत, अशी कुरकुर स्वयंपाकघरातून अजून आलेली नाही.

एवढे सगळे असूनही एक समज गावोगाव पक्का आहे: बॉयलरला हार्मोनचे इंजेक्शन देतात. वाढीचे हार्मोन हे प्रथिन असते; खाद्यातून दिले तर पोटात पचून जाईल, आणि टोचायचे तर पुनःपुन्हा टोचावे लागेल. पाच हजार कोंबड्या रोज पकडून टोचायला जेवढी माणसे लागतील, तेवढी माणसे ओझरला कोंबडीच्या पोल्ट्रीत कामाला मिळत असती तर द्राक्षाची छाटणी कधीच रखडली नसती. वेग येतो तो निवडीच्या पैदाशीतून आणि वर सांगितलेल्या घासातून. तरीही समज जात नाही. २०२० च्या सुरुवातीला कोरोना कोंबडीतून येतो अशी आवई उठली आणि कोंबडी मातीमोल झाली, त्या वेळीही शास्त्र घरीच बसून होते.

ऋतूचाही हिशेब असतो. निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एक आकडी होतो आणि वर्तमानपत्रांत शेकोटीचा फोटो येतो. नव्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात तेहतीस-चौतीस अंश ऊब लागते. ऊब कमी पडली की पिल्लू खाल्लेले सगळे अंग तापवण्यात घालते आणि वजनाचे नाव काढत नाही. उन्हाळ्यात उलटे, कोंबडी खातच नाही. मग सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात खाद्य देतात, दुपारी गोणपाटावर पाणी मारतात आणि पिण्याच्या पाण्यात क्षार टाकतात. कोंबडीचे मन वळवण्यासाठी जेवढी मिनतवारी होते, तेवढी घरातल्या रुसलेल्या जावेची झाली असती तर वाटण्या टळल्या असत्या.

आता बहुतेक शेडे कराराची असतात. पिल्लू, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस आणि जागरण शेतकऱ्याचे. खाद्य कंपनीचे असल्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न दर लॉटला नव्याने निघतो. वजन कमी भरले की शेतकरी गोणीकडे बोट दाखवतो आणि सुपरवायझर पाण्याच्या पाइपाकडे. दोघांच्या मध्ये कोंबडी उभी असते आणि तिला कोणी विचारत नाही. निकाल लावणारा आकडा एफसीआर, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले त्याचे गुणोत्तर. दीड आले तर पेढे, पावणेदोन आले तर कुटुंबात शांतता, त्यावर गेले तर जुने वाद वर येतात. हाच आकडा घरातल्या माणसांना लावायची सूचना अनेक सुनांच्या मनात आली असेल. एकीनेही ती अजून बोलून दाखवलेली नाही.

खाद्यातले जे अंगी लागले नाही ते तुसात मिसळते आणि कोंबडखत होऊन द्राक्षबागेत जाते. येवल्याचा मका अशा रीतीने ओझरच्या वेलीवर चढतो, आणि ज्या पाहुण्याला सामिष चालत नाही त्याच्याही ताटात घडाच्या रूपाने हजर होतो.

खाद्यावरची शेवटची प्रक्रिया म्हणजे ते न देणे. पक्षी उचलण्याआधी सहा-आठ तास खाद्याची भांडी वर टांगतात, फक्त पाणी ठेवतात. आतडे रिकामे राहिले की कापताना विष्ठेने मांस बाटत नाही. वाळवणे, चाळणे, वाफवणे, माती, आंबट, जंतू आणि विकर एवढे सगळे संस्कार घासावर झाल्यावर शेवटच्या रात्री सोवळ्याचा सर्वात जुना प्रकार उरतो, उपवास. कोंबड्यांना हे ठाऊक नसते. त्या टांगलेल्या भांड्यांकडे माना उंचावून बघत राहतात. पहाटेच्या आधी टेम्पो येतो, क्रेट भरतात, काट्यावर वजन होते, आकडा वहीत जातो. पंधरा-वीस दिवस शेड धुऊन, चुना लावून मोकळे ठेवतात आणि मग साडेतीनशे गोण्यांतली पहिली गोणी पुन्हा उतरते.